ग्रीक नगरराज्यं आणि त्यांचा कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन ग्रीसबद्दल लिहायला लागल्यापासून मला सतत प्रश्न येतात. काही स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे, काही शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांचे, काही निव्वळ कुतूहलाचे. बरेच प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सगळ्या तारखा इसवी सनापूर्वीच्या आहेत. जिथे इसवी सनाची तारीख आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. ‘पोलिस’ म्हणजे नक्की काय? शहर, राज्य की आपले पोलीस?

तिन्हींशी नातं आहे. ग्रीक भाषेत पोलिस म्हणजे तटबंदीतलं शहर, त्याभोवतीची शेतं, गावं, बंदर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथले नागरिक. ‘पॉलिटिक्स’ हा शब्द यातूनच निघाला, आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘पोलीस’ हा शब्दही मागे मागे जात याच मुळाशी पोचतो.

मराठीत आपण ‘नगरराज्य’ म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्यात माणसं दिसत नाहीत. ग्रीकांच्या करारांत आणि शिलालेखांत ‘अथेन्सने ठरवलं’ असं लिहिलेलं नसतं, ‘अथेन्सकरांनी ठरवलं’ असं असतं. ४८० साली इराणी फौजांनी अथेन्स घेतलं, तेव्हा अथेन्सकर बायकामुलांना हलवून जहाजांवर गेले. सॅलॅमिसच्या लढाईआधीच्या बैठकीत कॉरिंथच्या सेनापतीने अथेन्सच्या थेमिस्टोक्लीस या नेत्याला हिणवलं की ज्याला शहरच उरलं नाही त्याने सल्ले देऊ नयेत. थेमिस्टोक्लीसने उत्तर दिलं की माणसांनी भरलेली दोनशे जहाजं आहेत तोवर आमचं शहर तुमच्यापेक्षा मोठं आहे. पोलिस म्हणजे काय हे कोणी विचारलं की मी आधी हा प्रसंग सांगतो.

२. अशी नगरराज्यं किती होती? अथेन्स आणि स्पार्टा सोडून बाकीची कुठे गेली?

हजाराहून जास्त होती. काळ्या समुद्राच्या काठापासून सिसिली, दक्षिण इटली, उत्तर आफ्रिका आणि फ्रान्समधल्या आजच्या मार्सेपर्यंत ती पसरलेली होती. बहुतेक अगदी लहान, काही हजार वस्तीची. अथेन्सची भूमी सुमारे २,५०० चौरस किलोमीटर होती, आणि ग्रीक मापाने हे राज्य प्रचंड मोठं होतं. पुस्तकांत अथेन्स आणि स्पार्टाच भेटतात याचं कारण लिखाण त्यांच्याबद्दलचं टिकलं. खरं तर ही दोन्ही राज्यं अपवाद होती.

३. डोंगरांमुळे ग्रीस तुकड्यांत विभागला गेला, हे परीक्षेत लिहिलं तर चालेल ना?

लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. केओस नावाचं बेट जेमतेम १३० चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्यावर चार वेगवेगळी नगरराज्यं होती. उलट स्पार्टाने टायगेटससारखा उंच डोंगर ओलांडून पलीकडचा अख्खा मेसेनिया बळकावला. म्हणजे भूगोलाने मदत केली, पण आपला निर्णय आपणच घ्यायचा हा हट्ट माणसांचा होता. भाषा एक, देव एक, ऑलिंपियाचे खेळ एकत्र, आणि तरी कायदे, नाणी, महिन्यांची नावंसुद्धा प्रत्येकाची वेगळी.

४. सगळीकडे लोकशाही होती का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अनेक ठिकाणी मूठभर श्रीमंत घराण्यांची सत्ता होती. कॉरिंथ बराच काळ असंच चाललं. थीब्जमध्येही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच कारभारात जागा असे. लोकशाही अथेन्सप्रमाणे आर्गोस, मँटिनिया आणि काही काळ सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये होती. स्पार्टाला तर कोणत्याच खणात बसवता येत नाही (प्रश्न १३ पाहा).

ॲरिस्टॉटलने सहा प्रकार केले. एकाची, थोड्यांची किंवा पुष्कळांची सत्ता, आणि त्या प्रत्येकीचं सगळ्यांच्या भल्यासाठी चालणारं आणि स्वतःच्या फायद्यासाठी चालणारं रूप. परीक्षेत हे कोष्टक मागतात. त्याचं दुसरं एक निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. श्रीमंत नेहमी थोडे असतात आणि गरीब पुष्कळ, हा निव्वळ योगायोग आहे, असं तो म्हणतो. खरा फरक डोक्यांच्या संख्येचा नाही. सत्ता पैसेवाल्यांच्या हाती की गरिबांच्या, एवढाच तो फरक आहे.

५. ‘टायरंट’ म्हणजे जुलमी राजा ना?

सुरुवातीला तसा अर्थ नव्हता. वारसाहक्क नसताना सत्ता बळकावलेला माणूस, एवढाच अर्थ होता. अथेन्सच्या पेइसिस्ट्राटसला तर पुढच्या पिढ्यांनी बऱ्यापैकी चांगलं म्हटलं. त्याने शेतकऱ्यांना कर्ज दिलं, उत्सव वाढवले, जुने कायदे मोडले नाहीत. एकदा तो फिये नावाच्या उंचपुऱ्या बाईला चिलखत घालून रथात उभी करून शहरात शिरला, आणि देवी अथेना स्वतः याला घेऊन येते आहे अशी दवंडी पिटवली, अशी कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. ‘टायरंट’ या शब्दाला आजचा कडवटपणा मुख्यतः पुढच्या पिढीमुळे आला. त्याचा मुलगा हिप्पियास भावाच्या खुनानंतर खरोखरच जुलमी झाला, आणि ५१० साली त्याला हाकलण्यात आलं.

६. अथेन्सची लोकशाही कोणी सुरू केली? सोलोन, क्लेइस्थेनीस की पेरिक्लीस?

एकच नाव लिहायचं असेल तर क्लेइस्थेनीस, ५०८–५०७. पण खरं उत्तर तीन टप्प्यांचं आहे.

५९४ साली सोलोनने कर्जापायी माणूस गहाण ठेवण्याची चाल बंद केली. शेतांत रोवलेले गहाणाचे दगड उपटले गेले, परदेशी विकलेल्या काही अथेन्सकरांना परत आणलं गेलं. कर्ज फिटलं नाही म्हणून शेजारी तुमचा मालक होऊ शकत नाही, हे आधी ठरलं. मताधिकाराचा विचार त्यानंतरचा. माझ्या मते हा क्रम विसरता कामा नये.

क्लेइस्थेनीसने जुन्या घराण्यांचा आणि कुळांचा जोर मोडला, आणि त्यासाठी त्याने गावांची नव्याने मोट बांधली. ॲटिकामधली, म्हणजे अथेन्सच्या मुलखातली, १३९ गावं आणि वाड्या त्याने ३० गटांत बांधल्या, आणि प्रत्येकी एक गट किनाऱ्याचा, एक आतल्या मुलखाचा, एक शहराचा असे तीन तीन जोडून दहा नव्या ‘टोळ्या’ केल्या. आता कोळी, डोंगरातला कोळसेवाला आणि शहरातला कुंभार एकाच तुकडीत लढू लागले, एकाच गटातून परिषदेवर जाऊ लागले. अठराव्या वर्षी मुलाचं नाव गावाच्या नोंदीत चढे, आणि तीच त्याची नागरिकत्वाची खूण.

तिसरा टप्पा ४६२ चा. एफिआल्टीसने अरेओपॅगस या माजी अधिकाऱ्यांच्या आजन्म मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले. थोड्याच दिवसांत त्याचा खून झाला. त्याचा सहकारी पेरिक्लीस याने पुढे न्यायालयात बसणाऱ्यांना रोजचा भत्ता सुरू केला, म्हणजे हातावर पोट असलेल्यालाही न्यायाला बसता येईल.

७. निवडणुका कशा व्हायच्या? खासदार-आमदार असत का?

नसत. तुमच्या वतीने बोलायला कोणी नव्हतं, तुम्हीच जायचं. अक्रोपोलिस या शहरातल्या किल्ल्याच्या टेकडीच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे, तिथे पहाटे सभा भरे. आधी डुकराची पिल्लं बळी देऊन जागा शुद्ध करत. मग पुकारा करणारा विचारी, “कोणाला बोलायचं आहे?” नागरिक असलेला कोणीही उठून बोलू शके. मत हात वर करून. नेहमीच्या ठरावांना हात मोजत बसत नसत, बहुमत नजरेने ठरवत. काही खास ठरावांना मात्र किमान ६,००० मतं आणि गुप्त मतदान लागे.

चौथ्या शतकात वर्षाला ४० सभा होत. सभेला काय ठेवायचं हे ५०० जणांची परिषद आधी ठरवे (प्रश्न ८ पाहा).

लोक आनंदाने धावत येत असं समजू नका. बाजारात गप्पा छाटत उभ्या असलेल्यांना सभेकडे हाकायला लाल गेरूत बुडवलेली दोरी दोन बाजूंनी ताणून आणत. ४२५ साली रंगलेल्या एका विनोदी नाटकात लोक ती दोरी चुकवायला इकडे तिकडे पळताना दाखवले आहेत. पुढे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येण्याचेही पैसे सुरू झाले, आधी एक ओबोल, मग तीन. सहा ओबोलचा एक ड्राक्मा, आणि कुशल कारागिराची पाचव्या शतकाअखेरची दिवसाची मजुरी सुमारे एक ड्राक्मा.

८. अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत हे खरं का? एखादा अडाणी आला तर?

खरं आहे. मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या व्यवस्थेचं मर्मही इथेच आहे.

परिषदेचे ५०० सभासद, नऊ आर्कन (वरिष्ठ अधिकारी), बाजारातली वजनमापं तपासणारे, रस्ते बघणारे, तुरुंगावर देखरेख ठेवणारे, असे वर्षाला शेकडो लोक सोडतीने नेमले जात. वय किमान ३०, मुदत एक वर्ष. तेच पद सहसा पुन्हा मिळत नसे; परिषदेवर जन्मात दोनदा बसता येई. ॲरिस्टॉटल सरळ लिहितो की सोडत ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. आपल्याला हे उलटं वाटतं. पण विचार करा, निवडणुकीत कोण निवडून येतो? नाव असलेला, पैसा असलेला, बोलका. सोडतीत पिढीजात वजन कामाला येत नाही. आळीपाळीने राज्य करायचं आणि राज्य करवून घ्यायचं, ही त्यांची स्वातंत्र्याची व्याख्या होती.

आता अडाणी माणसाचं. त्याची काळजी चार तऱ्हांनी घेतलेली होती. बहुतेक कामं एकट्याला न देता दहा जणांच्या मंडळाला देत. सोडतीत नाव घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. निवड झाल्यावर पदावर बसण्याआधी चौकशी होई, आणि तिच्यातले प्रश्न वाचण्यासारखे आहेत: तुझा बाप कोण, गाव कोणतं, आई कोण? तुझ्या घराण्याच्या समाध्या कुठे आहेत? आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? लष्करी सेवा केलीस का? कामाचं ज्ञान कोणी विचारत नसे, माणूस कसा आहे ते विचारत. शेवटी वर्ष संपलं की पैशापैशाचा हिशेब द्यावा लागे, आणि कोणीही नागरिक उठून तक्रार करू शके.

सोडतीसाठी पुढे एक दगडी यंत्र आलं. उभ्या शिळेवर खाचांच्या रांगा, प्रत्येक खाचेत एकेकाच्या नावाची पट्टी. बाजूच्या नळीत काळ्या-पांढऱ्या गोट्या ओतायच्या. खालून एक गोटी सोडली की एक आडवी रांग ठरली: पांढरी आली तर रांगेतले सगळे आत, काळी आली तर सगळे घरी. कोणाला वशिला लावायला जागाच नाही.

परिषदेचा अध्यक्षही सोडतीने, आणि तोही फक्त एक दिवस आणि एक रात्र. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्या चोवीस तासांत त्याच्याकडे. असा मान जन्मात एकदाच. म्हणजे कुठल्यातरी खेड्यातला ऑलिव्हचा शेतकरी एक दिवस अथेन्सचा प्रमुख होऊन दुसऱ्या दिवशी शेतावर परत जाई.

९. मग सेनापतीही चिठ्ठीनेच?

नाही. जिथे कौशल्याशिवाय चालत नाही तिथे ते हात वर करून निवडत. दरवर्षी दहा सेनापती, आणि तेच पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत. पेरिक्लीसने आपली सत्ता याच पदावरून चालवली, शेवटची जवळजवळ पंधरा वर्षं सलग. तो राजा किंवा पंतप्रधान नव्हता. ४३० साली लोकांनी त्याला पदावरून काढून दंडही केला होता.

१०. सॉक्रेटिसला ५०० न्यायाधीशांनी शिक्षा दिली म्हणतात. एवढे न्यायाधीश कसे?

ते न्यायाधीश नव्हते, साधे नागरिक होते. दरवर्षी तिशीवरचे ६,००० जण शपथ घेत. त्यांतून खटल्याच्या महत्त्वाप्रमाणे २०१, ४०१, ५०१ असे पंच बसवत. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नव्हता. वकीलही नव्हते. वादी-प्रतिवादींनी स्वतः बोलायचं, फार तर पैसे देऊन भाषण लिहून घ्यायचं. वेळ पाण्याच्या घड्याळावर: वरच्या भांड्यातलं पाणी तळाच्या छिद्रातून संपलं की भाषण संपलं. उत्खननात सापडलेलं एक भांडं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं.

मतदानाची त्यांची युक्ती मला फार आवडते. चौथ्या शतकात प्रत्येक पंचाला काशाच्या दोन चकत्या मिळत. दोन्हींच्या मधून एक आस गेलेला, एकीचा आस पोकळ आणि दुसरीचा भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या. आसाची दोन्ही टोकं अंगठ्याने आणि बोटाने झाकून चालायचं, म्हणजे शेजाऱ्यालाही कळत नाही हातात कोणती आहे. हव्या त्या चकतीने मत द्यायचं, दुसरी बाजूच्या भांड्यात.

सॉक्रेटिसचा खटला ३९९ चा. त्याच्या तोंडी असलेल्या भाषणात तो म्हणतो की तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. दोषी ठरल्यावर शिक्षा कोणती हे दोन्ही बाजूंनी सुचवायचं असे. सॉक्रेटिस म्हणाला, मला राज्याच्या खर्चाने जेवण द्या. त्यानंतर मृत्युदंडाला मतं पडली.

खोट्या खटल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच. सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला एक पंचमांश मतंही मिळाली नाहीत तर त्याला १,००० ड्राक्मा दंड होई.

११. खापरावर नाव लिहून माणसाला हद्दपार करत, ते कोणत्या गुन्ह्यासाठी?

कोणत्याच नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. मराठीत आपण चुकीचं खापर कोणाच्या तरी माथी फोडतो, अथेन्सकर मात्र खापर फोडण्यापूर्वी त्यावर नाव कोरत. ज्याचं वजन राज्याला जड होऊ लागलं असं वाटे, त्याला दहा वर्षं बाहेर पाठवत. आरोप नाही, बचावाचं भाषण नाही. घरदार, शेतीवाडी त्याचीच राही, आणि मुदत संपली की तो पुन्हा पूर्ण नागरिक. वर्षातून एकदा सभा विचारी, यंदा खापरं काढायची का? हो म्हटलं तर काही आठवड्यांनी मतदान, आणि त्याला किमान ६,००० खापरं लागत.

पहिला गेला ४८७ मध्ये. अरिस्टायडीस हा नेता गेला ४८२ मध्ये. लिहिता न येणाऱ्या एका खेडुताने त्यालाच न ओळखता ‘अरिस्टायडीस लिही’ म्हणून खापर दिलं, कारण विचारलं तर म्हणाला की सगळे त्याला ‘न्यायी’ म्हणतात ते ऐकून कंटाळा आला. कथा पुढच्या काळातल्या चरित्रकाराची आहे, तिला तेवढंच वजन द्या. पण खापरं खरी आहेत, हजारो सापडली आहेत. एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची १९० खापरं मिळाली आणि त्यांवरची अक्षरं मोजक्याच हातांची. म्हणजे आयती लिहून वाटायला ठेवलेली.

ही पद्धत शेवटची वापरली ४१५ च्या आसपास. सिराक्यूजमध्ये याच धर्तीवर ऑलिव्हच्या पानांवर नाव लिहीत, आणि मुदत पाच वर्षं.

१२. स्त्रियांना, गुलामांना मत नव्हतं. मग तिला लोकशाही म्हणायचं का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक सुमारे ३०,००० होते, पाचव्या शतकाच्या मध्यात याहून बरेच जास्त. त्यांच्या बायका आणि मुली, बाहेरून येऊन राहिलेले ‘मेटिक’ आणि गुलाम, हे सगळे सभेबाहेर. गुलामांची नक्की संख्या सांगता येत नाही, पण ते कित्येक दहा हजार होते यात शंका नाही. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत ते अंधारात सरपटत खोदत, आणि सॅलॅमिसला लढलेली जहाजं त्याच चांदीतून बांधलेली होती. हे सांगितल्याशिवाय प्निक्सच्या टेकडीचं कौतुक करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरीही शब्द सोडावासा वाटत नाही. नागरिकांच्या आत त्यांनी गरिबाला श्रीमंताच्या बरोबरीने बसवलं. जोडे शिवणारा माणूस युद्धाच्या प्रश्नावर मत देतो, हे त्या काळात बाकी जगात सहसा दिसत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

गुलामांबद्दल आणखी एक. काही गुलाम राज्याच्या मालकीचे होते आणि त्यांच्या हाती अधिकाराची कामं होती. ३७५ च्या एका कायद्याप्रमाणे बाजारात नाणी खरी की खोटी हे ठरवणारा तपासनीस सरकारी गुलाम होता, आणि त्याने खरं ठरवलेलं नाणं कोणी नाकारलं तर त्याचा माल जप्त. शहरातला बंदोबस्तही काही काळ सिथियन तिरंदाज गुलामांकडे होता. नागरिकाने नागरिकावर हात टाकू नये, म्हणून हे काम गुलामाचं. मताधिकार नसलेल्या स्त्रियांचीही धर्मकार्यात मोठी पदं होती. नगरदेवता अथेनाची पुजारीण शहरातली मानाची व्यक्ती असे.

१३. स्पार्टाला दोन राजे होते, म्हणजे ती राजेशाही ना?

राजे होते, पण राजेशाही नव्हती. दोन घराण्यांतले दोन राजे एकाच वेळी गादीवर, एकमेकांवर वचक म्हणून. त्यांचं मुख्य काम युद्धात सैन्य नेणं आणि यज्ञयाग. घरचा कारभार दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या पाच एफोरांच्या हाती, आणि ते राजावरही खटला भरू शकत. शिवाय साठीपुढच्या २८ जणांचं आजन्म मंडळ, त्यात दोन राजे मिळून तीस. नागरिकांची सभाही होती, पण अथेन्ससारखी कोणीही उठून बोलावं अशी नव्हती.

त्या २८ जणांची निवड ओरडण्यावर होई. उमेदवार एकेक करून सभेपुढून जात, आणि बंद खोलीतले परीक्षक कोणाच्या वेळी आरडाओरडा मोठा झाला ते लिहून ठेवत. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटलं.

पण स्पार्टा समजायचं असेल तर हेलटांकडे बघा. मेसेनिया आणि लॅकोनियातले हे जमिनीला बांधलेले लोक स्पार्टनांचं शेत पिकवत. ते संख्येने स्पार्टनांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि एफोर दरवर्षी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारत, म्हणजे हेलटाला मारणं पाप ठरू नये. मुलांना सातव्या वर्षी घरातून नेऊन दिलेलं कडक शिक्षण याच भीतीच्या पोटी होतं. आपल्याकडे स्पार्टाच्या शिस्तीवर भाषणं होतात, हेलटांचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. मला ते पटत नाही.

१४. एवढी कडवी स्पार्टा बुडाली कशी?

माणसं संपली. नागरिकाने सार्वजनिक पंगतीत धान्य, वारुणी, चीज अशी आपली वाटणी दरमहा द्यायची, ती जमली नाही तर नागरिकत्व गेलं. जमीन थोड्या हातांत साठत गेली, त्यात स्त्रियांच्या हातीही. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ दोन पंचमांश. ४८० मध्ये ८,००० स्पार्टन पुरुष होते. ३७१ च्या थीब्जविरुद्धच्या लेउक्ट्राच्या लढाईत ७०० उतरले, त्यांतले ४०० पडले. थोड्याच काळात थीब्जने मेसेनियाचे हेलट मुक्त केले.

१५. सभेने चूक केली तर? सुधारायची सोय होती का?

दोन घटना सांगतो. एक सुधारली, एक नाही.

४२८ साली लेस्बॉस बेटावरच्या मायटिलीनीने अथेन्सविरुद्ध बंड केलं. ४२७ मध्ये ते मोडल्यावर रागाच्या भरात सभेने ठरवलं की तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. जहाज हुकूम घेऊन निघालं. रात्री लोकांना झोप लागली नाही बहुधा, कारण सकाळी पुन्हा सभा बोलावली. क्लिओन नावाचा वक्ता म्हणाला, ठरलं ते ठरलं. त्याला विरोध करणारा डायोडोटस म्हणाला, दयेचं सोडा, यात आपला फायदा आहे का ते बघा. थोड्याच फरकाने ठराव फिरला. दुसरं जहाज निघालं तेव्हा पहिलं सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी सातूचं पीठ वारुणीत आणि तेलात कालवून वल्ही मारता मारताच खाल्लं, आळीपाळीने झोपले. पहिल्या जहाजाला अशा कामाची घाई नव्हती. सेनापती हुकूम वाचून तो अमलात आणण्याच्या बेतात असतानाच दुसरं बंदरात शिरलं. कत्तल थांबली, तरी बंडाचे सुमारे हजार सूत्रधार मारलेच गेले.

दुसरी ४०६ ची. आर्गिनुसाईची समुद्रलढाई जिंकूनही वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींवर खटला झाला, तोही प्रत्येकाचा वेगळा न चालवता एकदम. त्या दिवशी परिषदेच्या कार्यकारी मंडळात सोडतीने सॉक्रेटिस होता. हे बेकायदेशीर आहे म्हणून तो एकटा अडून बसला. उपयोग झाला नाही. हजर असलेल्या सहाही सेनापतींना मारलं, आणि नंतर लोकांना पश्चात्ताप झाला. पुढे कायदे करण्याची रीतच त्यांनी जास्त कडक केली. शिवाय बेकायदेशीर ठराव मांडणाऱ्यावर खटला भरायची सोय आधीपासून होती: सभा चुकली तर शिक्षा सुचवणाऱ्याला.

१६. परका माणूस अथेन्सचा नागरिक होऊ शके का?

फार क्वचित, सभेच्या खास ठरावाने. ४५१ मध्ये पेरिक्लीसनेच कायदा केला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. मग साथीत त्याची दोन्ही औरस मुलं गेली. उरला तो मिलेटसच्या अस्पासियापासून झालेला मुलगा, त्याच्याच कायद्याने परका. पेरिक्लीसने सभेपुढे विनंती केली आणि लोकांनी त्या मुलाला नागरिक केलं. प्रश्न १५ मध्ये मारल्या गेलेल्या सहा सेनापतींत हा धाकटा पेरिक्लीस होता.

दुसरा अपवाद पासिओन. गुलाम म्हणून आला, पेढीवर काम केलं, मुक्त झाला, शहरातला मोठा सावकार झाला आणि राज्याला दिलेल्या देणग्यांमुळे नागरिक. उलट ॲरिस्टॉटल, ज्याच्या लिखाणावर आपण इतके विसंबतो, तो स्टॅगिराचा. अथेन्समध्ये इतकी वर्षं राहून मेटिकच राहिला, त्याला सभेत कधी हात वर करता आला नाही.

१७. इतका बारीक तपशील आपल्याला कळला कसा?

शिलालेख, खापरं, न्यायालयातली भाषणं, आणि एक नशिबाचा भाग. ॲरिस्टॉटलच्या शाळेने १५८ राज्यांच्या राज्यघटना गोळा केल्या होत्या, त्या सगळ्या हरवल्या. मग इजिप्तमध्ये एका शेताच्या जमाखर्चाच्या पपायरसच्या पाठकोऱ्या बाजूवर अथेन्सची राज्यघटना उतरवलेली सापडली. ती छापली गेली इसवी सन १८९१ मध्ये. पदावर बसण्याआधीची चौकशी, काशाच्या चकत्या, हे सारं त्या हिशेबाच्या कागदामागून आलं.

१८. आपल्याकडच्या गणराज्यांशी यांचा संबंध होता का?

थेट संबंध नाही. वैशालीचे लिच्छवी आणि अथेन्सकर यांनी एकमेकांकडून काही घेतलं असं मानायला आधार नाही. सारखेपणा एवढाच की सभेत बसून निर्णय होत. पण लिच्छवींकडे ती सभा क्षत्रिय कुळांची होती. अलेक्झांडर ३२६ मध्ये पंजाबात आला तेव्हा त्याच्याबरोबरच्या ग्रीकांनी तिथले राजाविना चालणारे लोक आपल्याच शब्दांत वर्णिले.

महाराष्ट्राशी धागा आहे, पण नंतरचा. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर ‘यवन’ दात्यांची नावं कोरलेली आहेत. यवन हा शब्द आयोनियावरून आलेला, जिथे मिलेटससारखी नगरराज्यं होती. मात्र कार्ल्याचे यवन धेनुकाकटचे म्हणून नोंदलेले आहेत, कोणत्या ग्रीक नगरराज्याचे नागरिक म्हणून नाही. तेवढं जोडून बाकी कल्पना करू नये.

१९. हे सगळं कोणत्या साली संपलं? एकच तारीख हवी आहे.

अथेन्सच्या लोकशाहीसाठी ३२२ लिहा. ३३८ ला कायरोनियात ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनियाचा राजा फिलिप जिंकला, पण त्यानंतरही सभा, सोडत, न्यायालयं चालू होती. ३२२ मध्ये अथेन्सच्या पराभवानंतर मॅसिडोनियाच्या अँटिपाटरने २,००० ड्राक्मांची मालमत्ता असेल त्यालाच मत, अशी अट घातली. ९,००० नागरिक उरले. बाकी हजारोंचं मत गेलं, आणि ते कोण होते? जहाजांची वल्ही मारणारे. नगरराज्यं मात्र संपली नाहीत. परिषदा आणि सभा रोमन काळातही भरत होत्या, फक्त युद्ध आणि तह त्यांच्या हाती उरले नव्हते.

२०. यातलं काही आज बघायला मिळतं का?

मिळतं. अथेन्सला गेलात तर अक्रोपोलिस बघून लगेच परतू नका. प्निक्सच्या टेकडीवर खडकात कोरलेला वक्त्याचा चौथरा अजून आहे. खाली जुन्या बाजारचौकात पुन्हा उभारलेल्या अट्टालसच्या स्टोआत, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीच्या इमारतीत, संग्रहालय आहे. तिथे सोडतीच्या यंत्राचा तुकडा, पाण्याचं घड्याळ, पोकळ आणि भरीव आसाच्या चकत्या, आणि एका ओळीत मांडलेली खापरं. थेमिस्टोक्लीसचं नाव शोधा. बापाच्या नावासकट कोरलेलं आहे.